विज्ञानाचं गूढ कोडं: चाचणीच्या नोंदी

रविवार, 1 जून

मामेभाऊ वाईहून आला, येताना मामांचं पाकीट घेऊन आला. आलेखाच्या कागदावर 9 बाय 9 घरांची चौकट, काही घरं काळी केलेली, आणि पाठीमागे 22 शोधसूत्रं. अक्षर फळ्यावरचं, तसंच टपोरं. मामांनी सगळा जन्म हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यापासून ते विज्ञानाच्या संज्ञांवर गूढ कोडी रचतायत. अशी 12 जमली की पुस्तिका काढायची आहे. त्याआधी कोडी एखाद्याने सोडवून बघायला हवीत, आणि तो माणूस विज्ञानातला नको. माझं विज्ञान दहावीला सुटलं. पुढे मराठीत एम. ए., आणि तेव्हापासून मुद्रितशोधन.

अटी चिठ्ठीत आहेत. शब्दकोश, परिभाषा कोश, विश्वकोश काहीही उघडायला मुभा. फोन फक्त रविवारी. तिसरी अट मला फार आवडली: "उत्तर सापडलं की पेन्सिलीने लिही. त्या शब्दाचा अर्थ मला फोनवर समजावून सांगता येईल असं वाटेल, तेव्हाच शाईने गिरव."

प्रत्येक सूत्राखाली मी काय विचार केला, कुठे अडले, आणि अडले ते माझ्यामुळे की सूत्रामुळे, एवढं इथे लिहीत जाईन.

मंगळवार, 3 जून

वर्तमानपत्रातली कोडी मी रोज चहाबरोबर सोडवते, पण ती सरळ असतात: अर्थ दिला, शब्द लिहा. गूढ कोड्यात प्रत्येक सूत्राचे दोन तुकडे असतात. एका टोकाला उत्तराचा अर्थ, उरलेल्यात त्याच उत्तराची अक्षरं कशी जुळवायची त्याची कृती. सांधा कुठे आहे ते सांगितलेलं नसतं. पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात छापलं; हा गूढ प्रकार त्यानंतर इंग्लंडात वाढला. इंग्रजीत सुटी अक्षरं हवी तशी उलटीपालटी करता येतात. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, त्यामुळे ती गंमत कमी. पण मग संधी आहे, उकार आहे, वेलांटी आहे, आणि मामांनी ते सगळं कामाला लावलंय.

पहिलं सुटलेलं, 4 उभा: "सुगंध कपाटात दडवला, पिवळा सापडला (3)". दोनदा वाचलं आणि दिसलं: सु-गंध-क-पाटात. गंधक! शब्दांच्या सांध्यावर नेमका बसलाय.

मग 11 आडवा: "उलट्या पावली उन्हात काळे व्हा, मग हा चढलेला दिसेल (2)". उन्हात काळे व्हा म्हणजे रापा. उलट केलं की पारा. 'रापणे' हे क्रियापद किती दिवसांनी भेटलं. आमच्या आजीच्या तोंडी रोज असायचं.

17 आडवा: "भिंगरीने री ओढायचे सोडले, आता बारीकसुद्धा मोठे दिसते (2)". भिंग.

तीन शब्द पेन्सिलीने. भिंग लगेच शाईने गिरवलं, कारण मुद्रितशोधकाच्या टेबलावर ते असतंच. पारा गिरवण्याआधी वाचलं: हा धातू खोलीच्या तापमानाला द्रव असतो, उणे 39 अंशांच्या आसपास गोठतो आणि तापवला की एकसारखा फुगतो, म्हणून नळीत चढलेला मोजता येतो. शाई.

गुरुवार, 5 जून

आजचं सूत्र वहीत उतरवून ठेवते, परत परत वाचावंसं वाटतंय. 6 उभा: "सीतेच्या वडिलांच्या पोटात उकार शिरला, हे पिढ्यान्‌पिढ्या उतरते (3)".

सीतेचे वडील जनक. पोट म्हणजे मधलं अक्षर, न. त्याला उकार दिला की जनुक.

पेन्सिलीने लिहिलं आणि मग अर्थाच्या मागे लागले. आईबापांकडून मुलांत उतरणाऱ्या गुणांची सूचना ज्या तुकड्यात साठवलेली असते तो तुकडा म्हणजे जनुक. मेंडेल यांनी वाटाण्यावरचे प्रयोग 1866 मध्ये छापले, तेव्हा त्यांच्याकडे या तुकड्याला नाव नव्हतं. 'जीन' हा शब्द विल्हेल्म योहान्सन यांनी 1909 मध्ये घडवला, ग्रीक 'गेनोस'वरून. आणि ग्रीक 'गेनोस' आणि आपला संस्कृत 'जन्' धातू हे एकाच मुळातून आलेले. म्हणजे जनक आणि जनुक हे नुसते दिसायला सारखे नाहीत, नात्यातलेच आहेत. मराठीत हा प्रतिशब्द ज्यांनी बसवला त्यांनी अर्थ राखला आणि मूळ आवाजही हातचा जाऊ दिला नाही. अशा कामाचं मोल किती आहे हे रोज शब्दांशी झटणाऱ्याला कळतं. शाई.

शुक्रवार, 6 जून

9 आडवा: "अश्विनी वगैरेंतून अज्ञात राशी वजा केली; उरले ते हवेत सर्वांत जास्त (2)".

इथे चांगली दोन तास अडले, आणि दोन वेगळ्या कारणांनी.

एक, 'राशी' या शब्दाने मला ज्योतिषात नेलं. मेष, वृषभ करत बसले. अश्विनी हे नक्षत्र आहे एवढं कळत होतं, पण त्यातून रास वजा कशी करणार? दुसरं, हवेत सर्वांत जास्त प्राणवायू असतो असं मी धरून चालले होते. लहानपणापासून "झाडं लावा, प्राणवायू मिळतो" ऐकलेलं, त्यामुळे हवा म्हणजेच प्राणवायू असं डोक्यात बसलं असावं. प्राणवायू हवेत साधारण 21 टक्के असतो. 78 टक्के नत्र.

नत्र वाचलं आणि कुलूप उघडलं. अज्ञात राशी बीजगणितातली: क्ष! नक्षत्रातून क्ष वजा केला की नत्र. सातवी-आठवीत "समजा, एक संख्या क्ष आहे" म्हणून ज्याच्याशी झगडलो, तोच हा क्ष. आणि क्ष-किरणांमधला क्षही तोच. राँटगेन यांना 1895 च्या नोव्हेंबरात ते किरण दिसले, पण ते आहेत कसले हे कळेना म्हणून अज्ञाताचं अक्षर लावलं. ती रिकामी जागा मराठीने क्ष म्हणून तशीच ठेवली. हे सूत्र पुस्तिकेत राहायलाच हवं.

अडण्याचं कारण: माझं अज्ञान. सूत्राकडे बोट नाही.

रविवार, 8 जून

फोन. गंधक, जनुक, नत्र सांगितले. मामांनी एवढंच विचारलं, "नत्र इतकं आहे तर आपण ते श्वासातून वापरतो का?" मी गप्प. "मग अजून पेन्सिलच," म्हणाले. दुपारभर वाचलं: आपण ते आत घेतो आणि जसंच्या तसं बाहेर सोडतो. त्याच्या दोन अणूंची गाठ इतकी घट्ट असते की बहुतेक सजीवांना ती सुटत नाही. ती सोडवणारे जिवाणू हरभरा, भुईमूग अशा पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहतात. आजोबा ज्वारीच्या शेतात पुढच्या वर्षी हरभरा घ्यायचे आणि "जमिनीला विसावा" म्हणायचे. आता त्या विसाव्यात काय चालायचं ते कळलं. संध्याकाळी शाईने गिरवलं.

2 आडवाही आज सुटला: "पेन्सिलीला माझे नाव, पण तिच्यात मी नाही (2)". शिसे. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच. असतो तो ग्रॅफाइट, म्हणजे कार्बन. सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॉरोडेलला ग्रॅफाइटचा मोठा साठा सापडला तेव्हा लोकांनी तो शिशाचाच प्रकार मानला, आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. ज्या पेन्सिलीने हे लिहीत होते तिचं टोक भिंगाखाली धरून पाहिलं. काळसर, चकचकीत, पापुद्र्यांसारखं.

बुधवार, 11 जून

आजचं सूत्र माझ्या धंद्यातलं निघालं. 14 आडवा: "माहूरच्या देवीने कारण विचारायचे सोडले, अणू एकत्र आले (2)".

माहूरची देवी रेणुका. कारण विचारायचा शब्द 'का'. तो काढला की उरतं रेणु. पण उत्तर रेणू, दीर्घ. घरात ह्रस्व लिहायचं की दीर्घ? दुसरा कुणी हे बघून सोडून देईल. मला सोडता येईना, कारण मी दिवसाला अशा पन्नास वेलांट्या-उकार दुरुस्त करते.

विचार करता करता लक्षात आलं की मामांनी चूक केलेली नाही. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ लिहायचा, हा साहित्य महामंडळाच्या नियमांतलाच एक. रेणुकेतला णु मध्ये आहे म्हणून ह्रस्व. 'का' निघून गेला की तोच शेवटी येतो, आणि नियमानेच दीर्घ होतो. अणू पण अणुभट्टी, रेणू पण रेणुसूत्र, तसंच. सूत्रात व्याकरण आपोआप घडतंय. तरीही मामांना शिफारस: पुस्तिकेच्या सुरुवातीला एक ओळ टाकावी की अक्षर शब्दाच्या शेवटी आलं तर ह्रस्व-दीर्घ नियमाप्रमाणे बदलेल. नाहीतर प्रामाणिक सोडवणारा इथे नाहक अडकेल.

शनिवार, 14 जून

आज मात्र चूक सापडली. खरी.

8 आडवा: "मास्तरकी सगळ्यांना जमिनीवर ठेवते (3)". गुरुत्व. गुरुपण हेही गुरुत्व आणि पृथ्वीची ओढ हेही गुरुत्व. मास्तरांनी मास्तरकीवर लिहिलेलं सूत्र, किती प्रेमाने लिहिलंय.

शेवटच्या घरातून 10 उभा खाली जातो: "महत्त्वाचा शेवट, मग लढाई, वेग बदलण्याचा वेग (3)". महत्त्वाचं शेवटचं अक्षर, मग रण. मी सरळ लिहिलं त्त्वरण, आणि ते गुरुत्वाच्या 'त्व'वर बसेना. आधी वाटलं गुरुत्व चुकलं. मास्तरकीला दुसरा शब्द शोधत अर्धा तास घालवला.

महत् अधिक त्व म्हणजे महत्त्व: एक त महत् चा, दुसरा त्व चा. शेवटचं अक्षर त्त्व, तीन व्यंजनांचं. गुरु अधिक त्व मात्र गुरुत्व. तिथे दुसरा त यायचं कारणच नाही. तत्त्व, सत्त्व, महत्त्व यांत दोन त. गुरुत्व, जडत्व, ममत्व यांत एक. मुद्रितांमध्ये सर्वांत जास्त वेळा मी हीच दुरुस्ती करते. मामांनी सूत्रात 'महत्त्व' बरोबर लिहिलंय, पण अक्षर मोजताना कानाने मोजलं असणार. कानाला दोन्ही सारखेच.

सुचवते: "ममत्वाचा शेवट, मग लढाई". अर्थही जास्त चांगला लागतो.

रविवार, 15 जून

फोनवर मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, चाळीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. लिहून घे, ममत्व." आणि लगेच, "आता त्वरण सांग."

मी सांगितलं: वेग वाढतो ते त्वरण. "आणि कमी होतो तेव्हा?" तेही, पण उणे. "आणि वेगाचा आकडा तोच राहिला तर?" मी म्हटलं, मग त्वरण नाही. मामा म्हणाले, "पुढच्या वेळी वाईला येशील तेव्हा खंबाटकीच्या घाटात लक्ष दे."

थांबायला नको म्हणून आत्ताच डोळे मिटून ती एसटी आठवली. वळणावर ड्रायव्हर काटा तीसवरच ठेवतो, तरी अंग बाहेरच्या बाजूला कलतं, मांडीवरची पिशवी सरकते. आकडा तोच, दिशा मात्र क्षणाक्षणाला बदलतेय. विज्ञानातल्या वेगात दिशाही धरलेली असते, म्हणून वळण हेही त्वरण. उलट सरळ रस्त्यावर साठच्या काट्याने चाललेल्या गाडीला त्वरण नाहीच. इतकी वर्षं 'वेग' आणि 'त्वरा' मी एकमेकांच्या जागी छापू देत होते.

कोड्यात गुरुत्व आणि त्वरण एकाच 'त्व'वर जोडलेले आहेत, आणि पुस्तकात 'गुरुत्व त्वरण' अशी जोडसंज्ञाच आहे. सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला 9.8 मीटर प्रति सेकंद इतका वाढत जातो: पहिला सेकंद संपताना 9.8, दुसरा संपताना 19.6. चौकट आखताना मामांनी हे मुद्दाम केलंय. दोन्ही शाईने.

गुरुवार, 19 जून

7 उभा: "संधी साधून रसात विद्युतभारित अणू मिसळला की हे तयार (4)". 'संधी साधून' वाचताच हात वर गेला. रस अधिक आयन, रसायन.

त्याचा 'य' 15 आडव्यात तिसरा: "हे लिहायला लागलो तो समोर मृत्यूची देवता, पृथ्वीआधी सूर्यावर सापडला (4)". हे, लिहायची सुरुवात लि, आणि यम. हेलियम.

याची शाई सोपी वाटली होती. शाळेत असताना सहल विजयदुर्गाला गेली होती, आणि किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे दाखवून सांगितलं होतं की लॉकियर साहेबांनी 1868 साली इथून ग्रहण पाहून हेलियम शोधला. तारखा जुळवायला बसले तर जुळेनात. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण भारतातून पाहिलं ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी, आंध्रातल्या गुंटूरहून. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. 20 ऑक्टोबरला त्यांनी तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला आणि सोडियमच्या रेषांजवळ पण त्यांच्याशी न जुळणारी पिवळी रेषा पाहिली. त्या रेषेच्या अनोळखी धन्याला ग्रीक सूर्यदेवावरून हेलियम नाव दिलं. पृथ्वीवर तो वायू रॅम्झी यांच्या हाती लागला 1895 मध्ये.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे आले होते, हे खरं आहे. पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. तीस वर्षांचं अंतर गावच्या सांगण्यात मिटून गेलं. मला याचं वाईट वाटलं नाही. जो शोध ज्याने लावला त्याने पुढे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर येऊन सूर्याकडे पाहिलं, ही गोष्ट तेवढीच सुंदर आहे, आणि ती खरी आहे. पुस्तिकेत उत्तरांच्या पानावर दोन्ही सालं द्यावीत असं मामांना लिहून ठेवलं.

मंगळवार, 24 जून

एकच उरलाय. आडवा आहे: "घडवतो, पण घडत नाही (4)". जोडाजोडीची कृती नाही, सगळं सूत्र म्हणजे एक फसवी व्याख्या. तिसरं घर 'र' रसायनाचं, चौथं 'क' गंधकाचं.

कारक? घडवणारा खरा, पण तीनच अक्षरी. प्रचारक, उद्धारक हे चार अक्षरी, 'र' आणि 'क' जागेवर, पण विज्ञानातले नाहीत. इथे भाषेने हात टेकले. शब्दच माहीत नसेल तर तो अक्षरांतून उगवत नाही. शेवटी परिभाषा कोशात 'रक'ने संपणारे शब्द पानोपान पाहत गेले आणि थांबले: उत्प्रेरक. उ-त्प्रे-र-क, चार घरं.

अर्थ असा दिलाय: रासायनिक क्रियेचा वेग बदलतो, पण क्रियेच्या शेवटी स्वतः कायमचा बदललेला नसतो. वाचून पाठ झालं, पण मामांना सांगता येईल असं नाही वाटलं. म्हणून करून पाहिलं. औषधाच्या दुकानातून जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, तीन टक्क्यांचं. वाटीत ओतलं: पाण्यासारखं निवांत. बटाट्याची चकती कापून त्यात सोडली. काही क्षणांत चकतीच्या अंगावर बारीक बुडबुडे धरले, मग पांढरा फेस वाटीच्या काठाला आला. पेरॉक्साइड फुटून पाणी आणि प्राणवायू होतोय. तसंच ठेवलं असतं तरी फुटलंच असतं, पण फार हळू. बटाट्यातल्या एका विकराने घाई केली, आणि विकर म्हणजे सजीवांतला उत्प्रेरकच.

फेस बसल्यावर ते पाणी ओतून दिलं, त्याच चकतीवर नवं पेरॉक्साइड ओतलं. पुन्हा फेस. तीच चकती, तिसऱ्यांदाही.

घडवतो, पण घडत नाही. दिवा लावायच्या वेळेपर्यंत मी त्या वाटीजवळ बसून होते. उत्प्रेरक शाईने गिरवला.

रविवार, 29 जून

फोनवर बटाट्याचं सांगितलं. मामा म्हणाले, "वर्गात मी हे दरवर्षी करायचो." मग म्हणाले, "सूत्रात कृती नाही, ते काढू का?" मी म्हटलं, ठेवा. पण आडव्या-उभ्या शब्दांनी त्याचं आणखी एखादं घर भरू दे. दोन अक्षरांवर भागत नाही.

मामांना पाठवायची यादी: 10 उभ्यात ममत्व. ह्रस्व-दीर्घाची ओळ सुरुवातीला. हेलियमची दोन सालं. उत्प्रेरकाला आणखी एक घर. बाकी 22 पैकी 18 सूत्रांवर काहीही म्हणणं नाही.

यादीच्या खाली एक सूत्र माझं, मामांसाठी, पेन्सिलीने: "नाविक रमला, त्याच्यात सापडले, बटाट्याला फेस आणते (3)".

त्यांचं दुसरं कोडं आलंय. पाकिटावर लिहिलंय, 'प्रकाश'.